त्वचाप्रकार (सौंदर्यप्रसाधनातील)

प्रसाधने निवडताना चेहऱ्याच्या त्वचेची तेलकट, कोरडी, मिश्र व सामान्य अशी केली जाणारी ढोबळ विभागणी. ‘संवेदनशील’ हा पाचवा प्रकार काहीजण मानतात. तो तेलाच्या प्रमाणावर ठरत नसल्याने वेगळा धरणे बरे.

विभागणीच्या उगमाबद्दल एकमत नाही. तिचे श्रेय बहुधा हेलेना रूबिनस्टाइन या उद्योजिकेला दिले जाते आणि काळ विसाव्या शतकाच्या आरंभीचा मानतात. दुसरे मत तिचे मूळ आयुर्वेदात शोधते. चरकाने त्वचेचे सहा आणि सुश्रुताने सात थर सांगितले. पण ते थर आहेत, प्रकार नव्हेत. वातप्रकृतीचे शरीर रूक्ष, कफप्रकृतीचे स्निग्ध हे वर्णन चरकसंहितेच्या विमानस्थानात येते खरे, मात्र ते सबंध देहाचे व चिकित्सेच्या अंगाने केलेले. ‘वात म्हणजे कोरडी त्वचा’ हे समीकरण अलीकडचे, डब्यांवरच्या मजकुरातले दिसते. त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांचे १९७५ चे वर्गीकरण निराळेच : उन्हाने कातडी भाजते की रापते, एवढेच ते पाहते. आरंभी त्यात गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. सावळ्या व काळ्या त्वचेचे दोन मागाहून जोडले गेले.

मराठवाड्यात हे प्रकार ऋतूगणिक सरकतात. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे असताना तेलकट भासणारा चेहरा दिवाळीनंतरच्या थंडीत उलतो. त्यात बोअरचे जड पाणी. बादलीच्या काठावर पांढरा थर धरणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा साका बनवतात आणि तो कातडीवर राहतो. शिवाय त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप) सुमारे ५, अंगाच्या साबणाचा ९ ते १०. तेव्हा धुतल्यावर ओढ बसणारा चेहरा कोरडाच असेल असे नाही. सौम्य फेसवॉशने धुऊन, काही न लावता अर्धा तास थांबावे व मऊ कागद टेकवावा. कपाळ, नाक, हनुवटी एवढ्यावरच तेल उमटले, तर त्वचा मिश्र.

तेलकट त्वचेला जेल, कोरडीला ग्लिसरीन वा सेरामाइड (त्वचेतला ओल टिकवणारा स्निग्ध घटक) असलेले दाट क्रीम, सनस्क्रीन सर्वांनाच. मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेली, स्टेरॉइड असलेली ‘गोरे करणारी’ मलमे दीर्घ वापराने कोणत्याही प्रकारची कातडी पातळ करतात.

घरगुती द्रव्यांत डाळीचे पीठ व मुलतानी माती तेल ओढून घेतात. उललेल्या गालाला ती नकोत, तिथे साय चालते. वसमतची हळद पिठात चिमूटभरच घालतात. घाण्याचे करडई तेल हिवाळ्यात हातापायांना चोळले जाते. नेहमीच्या वाणांत सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल (एक पातळ मेदाम्ल) असल्याने ते खोबरेलाइतके जड वाटत नाही.