व्हिडिओ गेममधील प्रथमपुरुषी दृष्टिकोन

व्हिडिओ गेममधील प्रथमपुरुषी दृष्टिकोन : खेळातले जग पात्राच्या डोळ्यांतून दाखवणारी मांडणी. पात्र स्वतः दिसत नाही. फार तर हात आणि हातातले शस्त्र पडद्याच्या तळाशी दिसते. पाठीमागे कोण आहे आणि पाय कुठे पडतो आहे, हे खेळाडूला कळत नाही. या मांडणीतून निघालेले बरेचसे गेमप्रकार या दोन उणिवांभोवतीच घडले.

सुरुवात भूलभुलैयापासून झाली. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १९७३-७४ च्या सुमारास तयार झालेल्या ‘मेझ वॉर’मध्ये भिंती नुसत्या रेषांच्या होत्या, एका वेळी एक घर पुढे सरकायचे आणि वळायचे ते थेट ९० अंशांत. ‘विझर्ड्री’ने (१९८१) हीच पद्धत भूमिकाप्रधान खेळात आणली. आलो त्या वाटेचे चित्र समोर नसल्यामुळे खेळाडू आलेखाच्या कागदावर नकाशा काढत बसत.

वेग आला तो ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’मुळे (मे १९९२). त्याचे रे-कास्टिंग तंत्र काटकसरीचे होते. नकाशा ६४ × ६४ चौकटींचा, भिंती सारख्या उंचीच्या आणि काटकोनातच. पडद्याच्या प्रत्येक उभ्या पट्टीसाठी एक किरण सोडायचा, तो भिंतीला कुठे लागतो ते पाहायचे आणि अंतर जितके जास्त तितकी पट्टी आखूड काढायची. जमीन आणि छत एकरंगी. हे तंत्र स्वतः लिहून पाहणारा बहुधा एकाच ठिकाणी अडखळतो. समोरची सरळ भिंत ४ चौकटी दूर असेल, तर ३० अंश तिरका किरण तिला ४.६२ चौकटींवर लागतो. तोच आकडा वापरला की भिंतीच्या कडा आखूड होतात आणि भिंत मध्ये फुगलेली दिसते. म्हणून अंतराला कोनाच्या कोसाइनने गुणून पुन्हा ४ मिळवावे लागतात.

त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’मध्ये उतरत्या जमिनी होत्या, वर-खाली पाहता येत होते, पण दृश्याची चौकट लहान आणि चाल संथ. बाजारात धावत्या शूटरचा (गोळीबाराच्या खेळांचा) गाजावाजा जास्त झाला, तरी पुढच्या कल्पकतेचे मोठे श्रेय या संथ शाखेकडे जाते. ‘डूम’ने (१९९३) कमीजास्त उंचीच्या खोल्या आणल्या, पण एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नव्हती आणि उंचीचा नेम गेम स्वतःच धरत असे. संपूर्ण त्रिमितीय ‘क्वेक’नंतर (१९९६) माउसने पाहणे हळूहळू नेहमीचे झाले.

‘थीफ’मध्ये (१९९८) उणिवेचाच खेळ झाला. आपले अंग दिसत नाही, मग आपण सावलीत आहोत की उजेडात हे कळणार कसे? त्यासाठी पडद्याच्या तळाशी एक रत्न ठेवले. उजेडात ते उजळते. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजते. ‘अ‍ॅम्नेशिया’त (२०१०) राक्षसाकडे बघत राहिले की पात्राचे भान सुटू लागते, म्हणून खेळाडू कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. उड्यांचे खेळ मात्र या मांडणीत अवघडच. ‘मिरर्स एज’ने (२००८) पाय दाखवले आणि मळमळ कमी व्हावी म्हणून पडद्याच्या मध्यावर एक ठिपका ठेवला.

मळमळीचे मूळ म्हणजे डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही. दृष्टिक्षेत्र, म्हणजे खेळातले जग किती अंशांच्या कोनात दिसते ते, अरुंद असेल तर त्रास वाढू शकतो. २४ इंची मॉनिटर ६० सेंमीवरून पाहिला तर डोळ्यांसमोर सुमारे ४८ अंशांचा कोन व्यापतो. पीसीवर खेळातले दृष्टिक्षेत्र मात्र ९० अंशांच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. त्रास होत असल्यास आधी हा आकडा वाढवावा, मग चालताना डोके हलण्याचा परिणाम बंद करावा. आकडा फार वाढवला तर कडा ताणल्या जातात आणि लांबचा शत्रू बारीक दिसतो.

‘पबजी’ने २०१७ मध्ये केवळ प्रथमपुरुषी सामन्यांसाठी वेगळे सर्व्हर सुरू केले. कॅमेरा पाठीमागे असला की भिंतीआड बसूनही पलीकडचे दिसते; इथे बघायचे तर डोके बाहेर काढावे लागते.