घराचा नकाशा कोणाचा? कॉपीराइट, लेखी हस्तांतरण आणि नोंदणी अर्जाची माहिती

आर्किटेक्टची फी चुकती झाली, सही-शिक्क्याचे सगळे कागद हातात आले, कॅड फाइलही (संगणकावर काढलेल्या नकाशाची मूळ फाइल) मेलवर आली, की नकाशा आपला झाला असे बहुतेक घरमालक धरून चालतात. कॉपीराइट कायदा, 1957 तसे मानत नाही. कागद तुमचा असू शकतो, पण त्यावरच्या रचनेचा हक्क वेगळा आहे आणि तो लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. तुम्ही फी भरून जे घेता ते साधारणपणे इतकेच: त्या नकाशावरून, त्या प्लॉटवर, एक घर बांधण्याची परवानगी.

थोरल्या भावाचे घर छान झाले म्हणून धाकट्याने शेजारच्या प्लॉटवर त्याच नकाशाने बांधकाम काढले, किंवा बिल्डरने एका बंगल्याची ड्रॉइंग पुढच्या दहा बंगल्यांना वापरली, की वाद उभा राहतो. तो टाळायचा असेल तर सगळी लिखापढी पाया खोदण्याआधी व्हायला हवी. त्याचे कारण कायद्यातच आहे, पुढे येईलच.

पहिला मालक कोण?

कायद्यातल्या ‘कलाकृती’च्या व्याख्येत रेखाचित्र येते, आणि रेखाचित्रात आराखडा व नकाशाही येतात. शिवाय कलात्मक स्वरूप किंवा रचना असलेली इमारत आणि तिचे मॉडेल यांनाही वेगळे संरक्षण आहे. अट एवढीच की इमारत भारतात असावी. हे संरक्षण फक्त कलात्मक स्वरूप आणि रचनेला मिळते, बांधकामाच्या पद्धतीला नाही. स्लॅब कसा टाकला, भिंत कशी रचली, यावर कोणाचा कॉपीराइट नसतो. ‘तीन बेडरूम, मधे चौक’ ही नुसती कल्पनाही कोणाच्या मालकीची होत नाही.

कलम 17 नुसार पहिला मालक म्हणजे ज्याने ती कृती केली तो. याला अपवाद आहेत, आणि गैरसमज त्यांतूनच होतो. मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीव ठसा किंवा चित्रपट यांचा पहिला मालक काम सांगणारा ग्राहक असतो. या यादीत इमारतीचा नकाशा नाही. म्हणजे वेगळा करार नसेल तर फोटोग्राफरकडून पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क तुमचा, पण आर्किटेक्टकडून पैसे देऊन काढून घेतलेल्या नकाशाचा हक्क आर्किटेक्टचा.

दुसरा अपवाद नोकरीचा. फर्मच्या पगारावर असलेल्या ड्राफ्ट्समनने कामाचा भाग म्हणून नकाशा काढला तर मालक फर्म. मात्र फर्मने ते काम बाहेरच्या फ्रीलान्सरकडून करून घेतले असेल तर तो नोकर नसल्यामुळे हक्क त्याच्याकडेच राहू शकतो. म्हणून करार करताना ‘हा नकाशा प्रत्यक्ष कोणी काढला?’ हे विचारून घ्या. ज्याच्याकडे हक्कच नाही त्याने सही केली तर तुम्हाला काहीच मिळत नाही.

आणि ‘जिना इकडे घ्या, देवघर तिकडे हवे’ असे आपण सुचवले म्हणून आपण नकाशाचे कर्ते ठरत नाही. तुम्ही स्वतः काढून दिलेल्या स्केचवर मात्र तुमचा हक्क राहतो, तेव्हा ते तारीख टाकून जपून ठेवा.

हक्कात काय येते आणि किती काळ?

नकाशाची प्रत काढणे, ती संगणकात साठवणे, त्यात फेरबदल करणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागदावरच्या रचनेचे प्रत्यक्ष बांधकाम करणे, हे सगळे कॉपीराइट मालकाचे हक्क आहेत. दोन मिती असलेल्या कृतीला तीन मितींत आणण्याचा उल्लेख कायद्यात स्पष्ट आहे. ही मुदत कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे 60 वर्षे चालते.

घरमालकाच्या बाजूने असलेली एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. आग, भूकंप किंवा अन्य कारणाने घर पडले आणि मूळ बांधकाम कॉपीराइट मालकाच्या परवानगीने झाले होते, तर त्याच नकाशावरून ते पुन्हा उभारता येते. नव्याने परवानगी लागत नाही. घराचा फोटो किंवा चित्र काढणे, छापणे हेही उल्लंघन नाही.

आर्किटेक्टचे स्वतःचे म्हणून काही हक्क कलम 57 मध्ये आहेत. कॉपीराइट विकला तरी ‘ही रचना माझी’ असे म्हणण्याचा आणि आपल्या नावलौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. पण त्याला मर्यादा आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे प्रदर्शनाचे सभागृह 2017 मध्ये पाडल्यावर त्याचे आर्किटेक्ट राज रेवल न्यायालयात गेले. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की जागेचा मालक आपली इमारत पाडत असेल तर आर्किटेक्टला या हक्काच्या आधारे ते रोखता येत नाही. एक देखणी वास्तू गेली याचे वाईट वाटतेच. घरमालकासाठी मात्र निकालाचा अर्थ सरळ आहे.

पाया खोदण्याआधी का?

कलम 59 वाचा. उल्लंघन करणारे बांधकाम एकदा सुरू झाले की कॉपीराइट मालकाला ते थांबवण्याचा मनाई हुकूम मिळत नाही आणि ती इमारत पाडण्याचा आदेशही मिळत नाही. उरते ती नुकसानभरपाई. आर्किटेक्ट असाल आणि आपला नकाशा परस्पर वापरला जातोय असे कळले, तर नोटीस त्याच दिवशी पाठवा. जोत्यापर्यंत काम येण्याची वाट पाहू नका. घरमालकाने मात्र याचा अर्थ ‘एकदा कुदळ मारली की सुटलो’ असा घेऊ नये. भरपाईचा दावा घर पूर्ण झाल्यावरही चालतो, आणि आर्किटेक्टला तो स्वतः राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. म्हणजे तारखांना जायची पाळी तुमच्यावर.

हस्तांतरण की परवानगी?

माझ्या मते स्वतःचे एक घर बांधणाऱ्याला पूर्ण कॉपीराइट विकत घेण्याची गरज नसते. त्याला हवी असते नीट लिहिलेली परवानगी: या प्लॉटवर बांधण्याची, पुढे मजला चढवण्याची, दुरुस्तीसाठी दुसऱ्या आर्किटेक्टकडून बदल करून घेण्याची, स्ट्रक्चरल इंजिनिअर, ठेकेदार आणि मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला प्रती देण्याची, आणि संपादन करता येईल अशी मूळ फाइल मिळण्याची. यातली मजला चढवण्याची बाब हमखास राहून जाते. दहा वर्षांनी वरचा मजला घ्यायचा म्हटले की मूळ आर्किटेक्टला शोधत फिरावे लागते. फी थकली तर परवानगीचे काय, हेही त्यातच लिहा. टप्प्याटप्प्याने पैसे आणि त्या-त्या टप्प्याची परवानगी, ही रीत दोघांनाही न्याय्य वाटते.

इंटरनेटवरून विकत घेतलेल्या तयार नकाशालाही हेच लागू. पैसे भरण्याआधी परवाना एका बांधकामाचा आहे की अनेक, बदल करू देतात की नाही, हे वाचून त्या पानाची प्रत काढून ठेवा.

एकच रचना पुन्हा पुन्हा वापरायची असेल, उदाहरणार्थ बंगल्यांच्या प्रकल्पात, तर पूर्ण हस्तांतरण घ्या. ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असल्याशिवाय वैध नाही. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे सगळे हवे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही तर भारत. आणखी एक अट अनेकांना गोत्यात आणते: करारात वेगळे लिहिले नसेल तर मिळालेला हक्क एका वर्षात न वापरल्यास तो संपतो. कर्ज आणि परवानग्या मिळेपर्यंत वर्ष सहज उलटते, म्हणून हे वाक्य सोडू नका. मजकूर साधारण असा असावा:

‘भूखंड क्र. ___ वरील निवासी इमारतीसाठी मी तयार केलेल्या, परिशिष्टात ड्रॉइंग क्रमांक व तारखेसह नमूद केलेल्या सर्व नकाशांचा कॉपीराइट, प्रती काढणे, फेरबदल करणे व प्रत्यक्ष बांधकाम करणे या हक्कांसह, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व संपूर्ण भारतासाठी, रु. ___ इतक्या मोबदल्यात मी ___ यांना हस्तांतरित करीत आहे. हे हक्क एका वर्षात वापरले न गेल्यास हस्तांतरण रद्द होणार नाही.’

परिशिष्टातले ड्रॉइंग क्रमांक प्रत्येक शीटच्या कोपऱ्यातल्या चौकटीशी ताडून पाहा. नकाशा सुधारला की तिथे सुधारणा क्रमांक बदलतो. करारात जुना आणि साइटवर नवा, असे होता कामा नये.

नोंदणी: कोण अर्ज करू शकतो?

नकाशा कागदावर उतरला की कॉपीराइट आपोआप मिळतो. नोंदणी सक्तीची नाही. तरीही ती करावी, कारण नोंदवहीतला उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो. अर्ज कर्ता, प्रकाशक, कॉपीराइटचा मालक किंवा त्यात हितसंबंध असलेली व्यक्ती करू शकते. नुसती फी भरलेला घरमालक मालक म्हणून अर्ज करू शकत नाही. त्याच्याकडे हस्तांतरणाचा लेख हवा.

अर्ज नवी दिल्लीतल्या कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. नमुना क्रमांक 14, त्यासोबत तपशिलाचे विवरणपत्र आणि पुढील तपशिलाचे विवरणपत्र. एका अर्जात एकच कृती. कलाकृतीची फी 500 रुपये. ती कृती वस्तू किंवा सेवांसाठी वापरली जात असेल वा वापरता येण्यासारखी असेल तर 2000 रुपये. अर्ज फेटाळला गेला तरी फी परत मिळत नाही.

लागणारी कागदपत्रे:
- नकाशाच्या स्वच्छ, वाचता येणाऱ्या प्रती
- अर्जदार कर्ता नसेल तर कर्त्याचे ना हरकत पत्र, आणि हक्क विकत घेतला असल्यास हस्तांतरणाचा लेख
- नकाशा प्रकाशित असेल आणि प्रकाशक वेगळा असेल तर प्रकाशकाचे ना हरकत पत्र
- वकिलामार्फत अर्ज असेल तर अर्जदाराची सही आणि वकिलाची स्वीकृती असलेले वकीलपत्र

फॉर्म भरताना दोन-तीन रकान्यांत चूक होते. ‘अर्जदाराचे कॉपीराइटमधील हित’ इथे कर्ता की मालक ते कागदपत्रांशी जुळेल असेच लिहा. ‘प्रकाशित की अप्रकाशित’ इथे विचार करा: नकाशा फक्त ग्राहकाला दिला असेल तर तो लोकांसाठी प्रसिद्ध झालेला नाही, पुस्तिकेत किंवा वेबसाइटवर सर्वांसाठी दिला असेल तर वर्ष आणि देश लिहा. कलाकृतीसाठी मूळ प्रत कुठे, कोणाच्या ताब्यात आहे हे विचारले जाते, आणि वास्तुकृती असेल तर ती पूर्ण झाल्याचे वर्षही तिथेच लिहायचे असते. नुसत्या नकाशाची नोंदणी करताना उगाच अंदाजे वर्ष टाकू नका.

अर्जानंतर डायरी क्रमांक मिळतो. सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकाने चालतो. नकाशात ज्याचे हित आहे किंवा जो तुमच्या हक्कावर वाद घालतो त्याला अर्जाची सूचना तुम्हीच द्यायची असते. 30 दिवस हरकतींसाठी असतात. हरकत आली तर दोन्ही बाजूंची सुनावणी होते. हरकत नसेल तर तपासणी होते आणि काही कमी असेल तर त्रुटीपत्र येते. त्याला मुदतीत उत्तर दिले नाही तर अर्ज तिथेच अडकतो. कॉपीराइट निबंधकाच्या (रजिस्ट्रारच्या) अंतिम आदेशाविरुद्ध तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

मध्येच आर्किटेक्ट बदलला तर

नव्या आर्किटेक्टने आधीच्याला तसे कळवणे हा आर्किटेक्टांच्या व्यावसायिक आचारनियमांचा भाग आहे. पण कळवणे म्हणजे परवानगी मिळणे नव्हे. जुन्याच नकाशावर पुढे काम करायचे असेल तर आधीच्या टप्प्याची फी चुकती करून त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या. तो अडून बसला तर नव्याने नकाशा काढून घेणे महाग वाटले तरी बरे.

माहिती अधिकारातून मंजूर नकाशाची प्रत मिळवणे हाही यावर उपाय नाही. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 9 नुसार, सरकारखेरीज दुसऱ्या कोणाच्या कॉपीराइटचे उल्लंघन होत असेल तर अर्ज नाकारता येतो. आणि प्रत मिळाली तरी त्यावरून दुसरे घर बांधण्याचा हक्क तिच्यासोबत येत नाही.