दैनिक शब्दकोडे

दैनिक शब्दकोडे म्हणजे वृत्तपत्रात रोज ठरलेल्या जागी छापले जाणारे, काळ्या-पांढऱ्या घरांची चौकट आडव्या आणि उभ्या शब्दांनी भरून सोडवायचे कोडे. प्रत्येक शब्दासाठी क्रमांक घातलेले एक शोधसूत्र दिलेले असते. आडवा आणि उभा शब्द जेथे एकमेकांना छेदतात, तेथील घर दोघांचे सामाईक असते. शब्दकोड्याचे सारे वेगळेपण या सामाईक घरात आहे. उखाणा किंवा हुमान घातले, तर उत्तर बरोबर की चूक हे घालणाऱ्यालाच विचारावे लागते. शब्दकोड्यात मात्र आडवे उत्तर चुकले असेल, तर उभा शब्द अडतो आणि सोडवणाऱ्याला आपली चूक आपली आपणच कळते. उद्याच्या अंकात उत्तर छापून येते ते मोकळ्या राहिलेल्या दोन-चार घरांसाठी. बाकीच्या घरांचा निकाल कोड्याने आदल्या दिवशीच दिलेला असतो. हे घडायचे, तर प्रत्येक शोधसूत्राला एक आणि एकच उत्तर असावे लागते. शब्दकोड्याचा इतिहास, त्याचे नियम आणि त्याभोवती जमलेला लोकसमूह या तिन्ही गोष्टी या एका अटीशी बांधलेल्या आहेत.

अक्षर आणि घर

इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो, तर मराठी कोड्यात एक अक्षर. अक्षर म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह एका उच्चारात येणारा सबंध तुकडा. त्यामुळे ‘महाराष्ट्र’ हा चार घरांचा शब्द ठरतो आणि त्याच्या शेवटच्या घरात ‘ष्ट्र’ हे अख्खे जोडाक्षर बसते. ‘ज्ञानेश्वर’ हाही चार घरांचाच. हा फरक दिसायला किरकोळ असला, तरी चौकटीचा सगळा हिशेब त्यामुळे बदलतो. इंग्रजी कोडे रचणाऱ्याला सव्वीस वर्णांतून छेद जुळवायचे असतात. मराठीत जोडाक्षरे बाजूला ठेवून नुसती बाराखडी मोजली, तरी अक्षरांची संख्या चारशेच्या पुढे जाते. ‘पाणी’ या आडव्या शब्दाच्या दुसऱ्या घरातून उभा शब्द न्यायचा असेल, तर त्यात नेमके ‘णी’ हवे. ‘ण’ किंवा ‘णा’ असून भागत नाही. म्हणूनच मराठी चौकटींत शब्द बहुधा दोन ते पाच अक्षरांचे असतात आणि काळी घरेही सढळ हाताने वापरलेली दिसतात. अमेरिकेतील दैनिक कोड्यात प्रत्येक पांढरे घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत असावे असा दंडक आहे. मराठीत तो पाळणे जवळजवळ अशक्य आहे आणि तसा आग्रह कोणी धरतही नाही.

याची दुसरी बाजू सोडवणाऱ्याच्या फायद्याची आहे. इंग्रजीत शब्दाचा एक वर्ण मिळाला तर फारसे काही कळत नाही. मराठीत एक अक्षर हाती आले की अर्धे काम होते. शेवटच्या घरात ‘ष्ट्र’ आले, की मन ‘राष्ट्र’, ‘सौराष्ट्र’, ‘महाराष्ट्र’, ‘धृतराष्ट्र’ अशा मोजक्या शब्दांभोवती फिरू लागते आणि मग किती घरे आहेत तेवढेच पाहायचे उरते.

शुद्धलेखन हा मराठी कोड्याचा सर्वांत नाजूक भाग होय. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार तत्सम शब्दांतील अंत्य इकार आणि उकार दीर्घ लिहायचे असतात, परंतु तोच शब्द समासात पूर्वपदी आला तर ऱ्हस्व होतो. म्हणून ‘कवी’ या शब्दात ‘वी’ आणि ‘कविराज’ मध्ये ‘वि’. ‘गुरू’ मध्ये ‘रू’ आणि ‘गुरुवर्य’ मध्ये ‘रु’. रचणाऱ्याचा येथे डोळा चुकला, तर आडव्या शब्दाला दीर्घ आणि उभ्याला ऱ्हस्व अक्षर लागते आणि एका घरात दोन्ही मावत नाहीत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. या दोन शब्दांतील ‘र्या’ आणि ‘ऱ्या’ ही कोड्याच्या दृष्टीने सर्वस्वी भिन्न अक्षरे आहेत. पूर्वी ‘नांव’, ‘पांच’ असे अनुस्वार देऊन लिहिले जाणारे शब्द नव्या नियमांनी ‘नाव’, ‘पाच’ झाले. साहजिकच, जुन्या लेखनाचे वळण लागलेला वाचक एखाद्या घरापाशी विनाकारण थबकू शकतो. ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करून छेद जुळवलेली कोडी छापली जातात, आणि ती सोडवणाऱ्यावर अन्याय करणारी असतात असेच म्हटले पाहिजे. ज्याने नीट विचार करून अचूक अक्षर भरले, त्यालाच अशा कोड्यात पुढे अडायला होते.

उगम

आजच्या शब्दकोड्याचा जनक म्हणून लिव्हरपूल येथे जन्मलेला पत्रकार आर्थर विन याचे नाव घेतले जाते. त्याचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झाले. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता आणि मध्यभाग रिकामा होता. विनने दिलेले ‘वर्ड-क्रॉस’ हे नाव काही आठवड्यांनी जुळणीतल्या चुकीमुळे उलटे छापले गेले आणि तेच पुढे रूढ झाले. १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टर या नव्या प्रकाशनसंस्थेने सोबत पेन्सिल जोडून कोड्यांचे पहिले पुस्तक काढले आणि अमेरिकेत या छंदाची लाट उसळली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या काळी हा वेळेचा अपव्यय असल्याची टीका केली होती, त्याच वृत्तपत्राने पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, रविवारचे कोडे सुरू केले आणि १९५० मध्ये ते रोजचे केले. मार्गारेट फरार ही त्याची पहिली संपादक. तिने १९६९ पर्यंत हे काम पाहिले आणि चौकटीच्या रचनेचे आज पाळले जाणारे अनेक दंडक तिच्या काळात पक्के झाले. ब्रिटनमध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने १९२५ मध्ये, तर ‘द टाइम्स’ने १९३० मध्ये कोडे छापण्यास प्रारंभ केला.

कूट शोधसूत्रे

सरळ कोड्यात शोधसूत्र म्हणजे उत्तराचा समानार्थी शब्द किंवा वर्णन असते. ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात एडवर्ड पॉइस मॅथर्स याने ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने ‘ऑब्झर्व्हर’मध्ये निराळी वाट पाडली. त्याच्या शोधसूत्राचा वरवरचा अर्थ वाचकाला भलतीकडे नेई; त्यातील अर्धा भाग व्याख्या असे आणि अर्धा शब्दखेळ. १९३९ मध्ये त्याच्या जागी आलेला ‘झिमेनेस’, म्हणजे डेरिक मॅकनट, याने या खेळाला काटेकोर नियम घालून दिले. ‘आफ्रिट’ या नावाने कोडी रचणाऱ्या रिची या शाळाप्रमुखाने १९४९ मध्ये या नियमांमागील तत्त्व मोजक्या शब्दांत मांडले. त्याचा आशय असा, की रचणाऱ्याने बोलल्याचा सरळ अर्थच अभिप्रेत धरावा असे बंधन नाही, परंतु जे अभिप्रेत आहे ते त्याने शब्दांत सांगितलेच पाहिजे. फसवावे, पण खोटे बोलू नये, हा या कराराचा गाभा.

मराठी दैनिकांतील कोडी बहुतांशी सरळ अर्थाचीच असतात. तथापि श्लेषावर आणि कोटीवर पोसलेल्या आपल्या भाषेला कूट शोधसूत्र परके नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडी याच्या ‘काव्यादर्श’मध्ये प्रहेलिकांचे, म्हणजे कूट कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. नमुन्यादाखल काही शोधसूत्रे अशी रचता येतील; कंसातील आकडा उत्तरातील अक्षरांचा. ‘राज उलटले, म्हातारपण आले (२)’ याचे उत्तर ‘जरा’, कारण ‘राज’ची अक्षरे उलट वाचली की ‘जरा’ होते आणि जरा म्हणजे वार्धक्य. ‘रानातला गंध रामाच्या वाट्याला आला (४)’ याचे उत्तर ‘वनवास’. वन म्हणजे रान आणि वास म्हणजे गंध. उलटे वाचताना काना आपल्या व्यंजनासोबतच जातो, ही अक्षरावर आधारलेल्या लिपीची सोय ‘जरा’मध्ये स्पष्ट दिसते.

बक्षिसाची कोडी आणि मुंबईचा खटला

एका शोधसूत्राला एकच उत्तर ही अट मोडली की काय होते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण मुंबई राज्यात घडले. स्वातंत्र्याच्या आगेमागे मोठ्या रकमांच्या बक्षिसांची शब्दकोडी देशभर चालत असत. प्रवेशमूल्य भरून उत्तरे पाठवायची असत. मात्र एकाच शोधसूत्राला दोन किंवा अधिक शब्द सारखेच लागू पडत आणि आयोजकाने आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे उत्तर जुळेल तो जिंके. मुंबई सरकारने १९४८ मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला आणि १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धाही त्याखाली आणल्या. बंगळूरुहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून कोडी चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांनी त्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी राज्याच्या बाजूने निकाल दिला आणि जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे ठरवले. संसदेने १९५५ मध्ये केलेल्या बक्षीस स्पर्धा अधिनियमात तर व्याख्येतच शब्दकोड्याचा नामोल्लेख आहे. त्याने महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षीस देण्यास मनाई केली आणि एका स्पर्धेतील प्रवेशिकांची मर्यादा दोन हजारांवर आणली. या साऱ्या प्रकरणात न्यायालयापुढचा प्रश्न होता कौशल्य की नशीब, आणि चांगल्या कोडेप्रेमीची कसोटीही नेमकी तीच असते. शोधसूत्रातून उत्तर निघत नसेल आणि ते नुसते ओळखावे लागत असेल, तर तेथे कोडे उरत नाही.

सोडवणाऱ्यांचा समूह

शब्दकोडे एकट्याने सोडवायचे असले, तरी एकाच दिवशी हजारो लोक त्याच घरापाशी अडलेले असतात, आणि या जाणिवेतून त्यांच्यात आपलेपणा निर्माण होतो. अमेरिकेत विल शॉर्ट्झ याने १९७८ मध्ये कनेक्टिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथे वार्षिक स्पर्धा सुरू केली. अचूकता आणि वेग यांवर गुण देणारी ही स्पर्धा आजही भरते. ब्रिटनमध्ये रचणारा टोपणनावाने ओळखला जातो आणि वाचक त्या नावाशी वर्षानुवर्षे बोलत असल्याप्रमाणे वागतात. ‘गार्डियन’मध्ये अनेक दशके ‘अराउकारिया’ या नावाने लिहिणारे धर्मगुरू जॉन ग्रॅहम यांनी जानेवारी २०१३ मध्ये आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे वाचकांना कोड्याच्या उत्तरांतूनच कळवले. ज्यांच्याशी आयुष्यभर शब्दांतून नाते जोडले, त्यांना ही बातमी त्याच मार्गाने द्यावी, यातील सौजन्य विसरता येण्याजोगे नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळाशी या छंदाचे दोन दुवे जोडलेले आहेत. जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली, आणि त्यानंतर सहभागींपैकी काहींना ब्लेचली पार्क येथील सांकेतिक लिपी उलगडण्याच्या कामासाठी विचारणा झाली. १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरील दोस्त राष्ट्रांच्या मोहिमेआधीच्या आठवड्यांत त्याच वृत्तपत्राच्या कोड्यांत ‘युटा’, ‘ओमाहा’, ‘ओव्हरलॉर्ड’ असे त्या मोहिमेतले गुप्त संकेतशब्द उत्तरे म्हणून आले, तेव्हा रचणारे शाळाप्रमुख लेनर्ड डॉ यांची चौकशी झाली. त्यात हेरगिरीचा कोणताही पुरावा निघाला नाही.

मराठी वाचकांत या समूहाला औपचारिक रूप नाही. तो घरात, कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत, वाचनालयात आणि लोकलच्या डब्यात विखुरलेला आहे. घरात पेपर आला की कोड्याचे पान कोणी आधी घ्यायचे, याचा क्रम ठरलेला असतो. वाचनालयातल्या अंकावर पेनाने कोडे भरणे हा मोठा अपराध मानला जातो आणि तो मानलाही जावा, कारण मागून येणाऱ्याचा त्या दिवसाचा आनंद त्याने हिरावला जातो. या समूहाचा शिष्टाचार असा, की न विचारता उत्तर सांगू नये आणि विचारले तरी आधी एखादे अक्षर सुचवून पाहावे. परगावी किंवा परदेशी गेलेली मुले आई-वडिलांना फोन करतात, तेव्हा ख्यालीखुशाली संपल्यावर पलीकडून एखादे शोधसूत्र वाचून दाखवले जाते, आणि ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती अक्षरी?’