पापणीतली टोचणी

परदेशातून आलेल्या माकडाला क्षयरोग आहे का हे बघायचं असेल, तर ट्युबरक्युलिनची, म्हणजे क्षयाच्या जंतूंपासून काढलेल्या अर्काची, सुई बहुधा त्याच्या वरच्या पापणीत टोचतात. ऐकायला क्रूर वाटतं. पण २४, ४८ आणि ७२ तासांनी सूज आली का ते तपासावं लागतं आणि पापणीची सूज पिंजऱ्याबाहेरूनच दिसते. आधीच भेदरलेल्या त्या जिवाला पुन्हा पुन्हा पकडावं लागत नाही.

हा क्षय मुळात आपणच त्याला दिलेला असतो. आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारातल्या गच्चीवर वानरांची टोळी उतरली की आजी "आले मारुतिराय" म्हणत हातानं पोळी द्यायची. कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात लोक पिंजऱ्याला अगदी चिकटून उभे राहतात. प्रेमच असतं ते. मला मात्र आता त्या वीतभर अंतरातला श्वास दिसतो. आपला खोकला त्यांना बाधतो, त्यांचा चावा आपल्याला. लाल तोंडाच्या माकडांत हर्पिस बी नावाचा विषाणू असतो. त्यांना त्यानं फार तर तोंडात फोड येतात. तोच माणसाच्या मज्जासंस्थेत शिरला आणि वेळेवर उपचार झाले नाहीत, तर बहुतेक रोगी दगावतात.

माकडाच्या पेटीतून काय काय येऊ शकतं, हे जगाला १९६७ साली कळलं. युगांडातून युरोपात आणलेल्या माकडांची मूत्रपिंडं काढून त्यांच्या पेशींवर काम चालायचं. मारबुर्ग, फ्रँकफुर्ट आणि बेलग्रेड इथल्या प्रयोगशाळांमधली माणसं तापानं फणफणली, मग रक्तस्राव सुरू झाला. ३१ जण आजारी पडले, ७ जण गेले. त्या विषाणूला मारबुर्गचंच नाव मिळालं. आज अमेरिकेत आलेल्या प्रत्येक माकडाला किमान ३१ दिवस वेगळं ठेवतात आणि पाळण्यासाठी माकड आणायला तिथे १९७५ पासूनच मनाई आहे.

या व्यापारात आपण फार काळ पाठवणारे होतो. पोलिओची लस माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवलेल्या विषाणूपासून बनायची, म्हणून १९५० च्या दशकात भारतातून एकेका वर्षात लाखाहून जास्त माकडं बाहेर गेली. त्या दशकाच्या अखेरीस प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स साउथविक आणि अलीगढचे मिर्झा अझहर बेग यांनी उत्तर प्रदेशात गावोगाव फिरून माकडं मोजली. कळपांमध्ये अर्धवट वाढलेली पोरं फारच कमी दिसली, कारण पकडणाऱ्यांना नेमकी तीच हवी असत. मादी साधारण साडेपाच महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि ते वयात यायला तीन-चार वर्षं लागतात. एवढी लूट भरून कशी निघणार? १९७८ साली मोरारजी देसाईंच्या सरकारनं निर्यात बंद केली. त्याला कारणही तसंच होतं. वैद्यकीय कामासाठी म्हणून दिलेली माकडं किरणोत्साराच्या लष्करी प्रयोगांत वापरली गेली होती. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

मग संशोधन अडलं का? पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या चिमुकल्या बेटावर १९३८ साली भारतातली सुमारे ४०० माकडं सोडली होती. त्यांचीच पिल्लावळ तिथे अजून नांदते आणि शास्त्रज्ञ त्यांचा पिढ्यानपिढ्या अभ्यास करतात. आणखी मोठी सुटका जपानमध्ये झाली. १९६२ साली चिबा विद्यापीठात एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून पेशी काढल्या, त्या अजूनही वाढताहेत. त्यांना व्हेरो पेशी म्हणतात. आपल्याकडे कुत्रं चावल्यावर मिळणाऱ्या रेबीजच्या बऱ्याच लशी या पेशींवरच तयार होतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याला रावपुऱ्यात कुत्रं चावलं, तेव्हा त्या कुपीवर मी 'व्हेरो' हा शब्द वाचला आणि क्षणभर हात जोडले. कोव्हॅक्सिनचा विषाणूही व्हेरो पेशींतच वाढवला. तरीही तिची चाचणी २० माकडांवर करावी लागली, हेही खरं. गरज पूर्ण संपलेली नाही. ती असेल तिथे पैदास केंद्रात जन्मलेलं, वंशावळ ठाऊक असलेलं माकडच वापरावं, रानातून पकडलेलं नको, असं मी ठामपणे म्हणेन.

संवर्धनासाठी माकडं आणायची तर पेटी आणि परवाना पुरत नाही. ब्राझीलचं सोनेरी टॅमरिन हे सिंहासारखी आयाळ असलेलं, छोटंसं माकड. १९७० च्या सुमारास रानात जेमतेम दोनशे उरली होती. वेगवेगळ्या देशांतल्या प्राणिसंग्रहालयांत वाढलेली टॅमरिन १९८४ पासून मायदेशी पाठवून जंगलात सोडू लागले. पहिल्या तुकडीतली बरीच मेली. सरळ, घट्ट दांड्यांवर वाढलेल्या त्या जिवांना हलणाऱ्या फांदीवर तोल सावरेना, पानांआड दडलेला किडा शोधता येईना. मग माणसं महिनोन्महिने त्यांच्या मागे रानात फिरली, खाणं ठेवत राहिली. सोडलेल्या जोड्यांची रानात जन्मलेली पिल्लं मात्र सरसर फांद्यांवर चढली.