पार्श्वभूमी: जनआरोग्य योजनेतली देखरेख आणि दहा दिवसांची मुदत

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेवर बोलणे निघाले की ते दोन आकड्यांवर येऊन थांबते: कुटुंबामागे किती लाखांचे संरक्षण आणि यादीत किती उपचार. दोन्ही आकडे वाढत गेले. झालेला उपचार रुग्णाला लागू पडला का, हे पाहण्याची पद्धत मात्र बऱ्याच अंशी 2012 साली आखलेल्या चौकटीतच राहिली. ती चौकट मुळात दावा खरा की खोटा हे ठरवण्यासाठी होती.

त्याआधीच्या जीवनदायी योजनेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. 1997 पासून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोठ्या आजारांसाठी दीड लाखापर्यंत मदत मिळे. त्यासाठी फाइल जिल्ह्यातून वर जायची, दाखले जोडायचे आणि मंजुरीची वाट पाहायची. तपासणी होती ती रुग्णाच्या पात्रतेची. रुग्णालयाने पुढे काय केले, हे विचारणारे कोणी नव्हते.

2012 ची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (पुढे हिचेच नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाले) मात्र आंध्र प्रदेशात 2007 पासून चालू असलेल्या योजनेच्या वळणावर उभी राहिली. ठरावीक रकमेचे पॅकेज, ऑनलाइन पूर्वमंजुरी, रुग्णालयाच्या दारातच बसणारा आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवणे हे सगळे तिकडूनच आले. राखीव यादीमागे एक कडू अनुभव होता. पॅकेजचा पैसा खासगीत जाऊ लागताच गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्याची ओरड आंध्रात झाली आणि 2011 मध्ये तिथे 133 उपचार सरकारी रुग्णालयांकडे वळवले गेले. महाराष्ट्राने 972 उपचारांची यादी केली तेव्हा पहिल्या दिवसापासून 131 उपचार असेच बाजूला ठेवले होते. योजना 2 जुलै 2012 रोजी 8 जिल्ह्यांत आणि 21 नोव्हेंबर 2013 पासून सगळ्या राज्यात लागू झाली. विम्याचा हप्ता कुटुंबामागे वर्षाला 333 रुपये होता.

या राखीव यादीचे कौतुक जरा बेतानेच करावे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा समोर आलेल्या कितीतरी शस्त्रक्रिया खासगीत, रोख पैसे मोजून, अनेकदा मुकादमाकडून उचल घेऊन झालेल्या होत्या. योजनेने आपले दार बंद केले होते, पण शेजारचे दार उघडेच होते आणि तिथे योजनेची नजर पोचत नव्हती.

आता पूर्वमंजुरीकडे, कारण देखरेखीचा सगळा भार तिथेच आहे. रुग्ण अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात आला की आरोग्यमित्र शिधापत्रिका आणि फोटो असलेले ओळखपत्र पाहून नोंद करतो. डॉक्टर निदान आणि तपासण्या चढवतात, पॅकेजचा कोड निवडतात आणि विनंती पुढे पाठवतात. योजनेच्या बाजूचे वैद्यकीय अधिकारी कागद पाहून मंजुरी देतात, शंका काढतात किंवा नाकारतात. तातडीच्या रुग्णासाठी फोनवर मंजुरी घेऊन कागद मागाहून देता येतात. शस्त्रक्रियेनंतर पुरावा जोडायचा: अँजिओप्लास्टी असेल तर आधीची आणि नंतरची अँजिओग्राफीची चित्रे, स्टेंटच्या खोक्यावरचे स्टिकर, हाडात प्लेट बसवली असेल तर दोन्ही वेळचे एक्स-रे आणि इम्प्लांटचे स्टिकर, कर्करोग असेल तर बायोप्सीचा अहवाल. त्यासोबत खाटेवरच्या रुग्णाचा फोटो, शस्त्रक्रियेची टिपणे आणि डिस्चार्ज कार्ड.

दावा अडतो तो बहुतेक वेळा या कागदांवरून. स्टिकरवरचा क्रमांक वाचता येत नाही, एक्स-रेवर नाव किंवा तारीख नसते, कोड एका उपचाराचा आणि टिपण दुसऱ्याचे असते, फोटो डिस्चार्जनंतरचा निघतो. बिलिंगच्या टेबलावर बसणाऱ्याला हे पाठ असते. म्हणून बऱ्याच रुग्णालयांत योजनेसाठी वेगळा माणूस असतो आणि त्याचे काम फाइल ‘पास होईल अशी’ करणे एवढेच असते. जखमेकडे पाहणारी परिचारिका आणि हा माणूस यांची गाठ क्वचितच पडते.

या सगळ्यातून दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात: शस्त्रक्रिया खरेच झाली का, आणि तिची गरज होती का. दुसरा प्रश्न विचारला जातो, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. रक्तवाहिनीत पुरेसा अडथळा नसताना स्टेंट टाकायला निघालेल्याला इथे अडवता येते. ‘रुग्ण बरा झाला का’ या तिसऱ्या प्रश्नाला मात्र फॉर्ममध्ये जागाच नाही. डिस्चार्ज कार्डावर प्रकृती समाधानकारक असे लिहिलेले असते आणि पैशांपुरती गोष्ट तिथे संपते.

ती खरेतर दहा दिवसांनी संपते, आणि या मुदतीवर आजवर झाली त्याहून कितीतरी जास्त चर्चा व्हायला हवी होती. पॅकेजमध्ये खाट, शुश्रूषा, डॉक्टर आणि भूलतज्ज्ञांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह, इम्प्लांट, औषधे, तपासण्या, जेवण, घरी परतण्याचे भाडे आणि डिस्चार्जनंतर 10 दिवसांपर्यंतचे उपचार असे सगळे येते. (ठरावीक शस्त्रक्रियांनंतर दीर्घकाळ औषधे देणारी फॉलो-अप पॅकेजेस वेगळी. दोन्हींना फॉलो-अपच म्हणत असल्याने रुग्णाचा आणि कधी कधी टेबलावरच्या माणसाचाही गोंधळ होतो.) संसर्ग नियंत्रणाच्या शास्त्रात शस्त्रक्रियेच्या जखमेतला जंतुसंसर्ग मोजण्याची मुदत वेगळी आहे: साधारण 30 दिवस आणि शरीरात धातूचे काही बसवले असेल, तर बऱ्याच शस्त्रक्रियांसाठी 90 दिवस.

मांडीचे हाड मोडलेला रुग्ण घ्या. आत रॉड टाकला, चौथ्या दिवशी घरी सोडले. योजनेची मुदत शस्त्रक्रियेपासून चौदाव्या दिवशी संपली. पायाचे टाके निघतात तेच मुळी बाराव्या-चौदाव्या दिवशी. आतल्या धातूभोवतीचा संसर्ग त्यानंतरही डोके वर काढू शकतो: आधी कडेने लाली आणि ऊब, मग एका टाक्यातून पाझरणारे पिवळसर पाणी, बारीक ताप. तिसऱ्या आठवड्यात हा माणूस परत आला तर त्याच्यापुढे तीन वाटा असतात. एक, बाह्यरुग्ण विभागात ड्रेसिंग आणि प्रतिजैविके. हा खर्च खिशातून, कारण योजना दाखल रुग्णांची आहे. दोन, जखम उघडून साफ करण्यासाठी किंवा रॉड काढण्यासाठी पुन्हा दाखल होणे. त्यासाठी नवा कोड, नवी पूर्वमंजुरी, नवे पॅकेज, म्हणजे ज्या रुग्णालयात संसर्ग झाला त्यालाच त्या संसर्गाचे दुसरे बिल लावता येते. तीन, माणूस वैतागून जिल्हा रुग्णालयात किंवा गावाजवळच्या दवाखान्यात जातो. तिन्ही वाटांत पहिल्या दाव्याची नोंद निर्दोष राहते.

मुदत कमी ठेवण्यामागे कारण आहे आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. ठरावीक रकमेच्या पॅकेजमध्ये गुंतागुंतीचा खर्च रुग्णालयाच्या अंगावर पडतो. तीच जबाबदारी 30 किंवा 90 दिवसांची केली की रुग्णालय दर वाढवून मागणार. दर वाढला नाही तर ज्याची जखम चिघळण्याचा धोका जास्त असा मधुमेही, वयस्कर किंवा कुपोषित रुग्ण टाळायला लागणार. ‘आमच्याकडे खाट नाही’ एवढे म्हटले की काम भागते. दर आधीच तुटपुंजे, त्यात देयके थकलेली ही तक्रार तर पहिल्यापासून आहे. दहा दिवसांच्या बाजूने बोलणारे हेच सांगतात, आणि पैशांपुरते ते बरोबर आहे.

पण पैसे किती दिवसांपर्यंत द्यायचे आणि नोंद किती दिवसांपर्यंत ठेवायची, हे दोन निर्णय एकमेकांना बांधण्याचे कारण नव्हते. पैसे दहा दिवसांवर थांबवूनही तिसाव्या दिवशी आरोग्यमित्राने एक फोन करता आला असता. चार प्रश्न पुरेत: जखम बंद झाली का, पू आला का, पुन्हा दाखल व्हावे लागले का, कुठे. फोनवरच्या उत्तराला मर्यादा आहेत. रुग्ण सूज आणि संसर्ग यांत फरक करू शकत नाही, पण ‘पुन्हा दाखल झालात का’ याचे उत्तर कोणीही देऊ शकतो. योजना बनवणाऱ्यांनी हे दोन्ही एकाच कलमात घातले आणि हिशेबाची मुदत संपली तिथेच पाहण्याचीही संपली.

गुणवत्तेचे नाव योजनेत नव्हते असे नाही. ते रुग्णालयांच्या श्रेणीच्या रूपाने आले. अंगीकृत रुग्णालयाची पाहणी करून श्रेणी द्यायची आणि त्याप्रमाणे पॅकेजची पूर्ण किंवा कमी रक्कम द्यायची, ही कल्पना त्या काळात पुढची होती. रुग्णालयांना मानांकन देणारी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहूनही तेव्हा जेमतेम काही वर्षेच झाली होती. पुढे 2018 च्या केंद्रीय योजनेने, म्हणजे आयुष्मान भारतने, उलट्या बाजूने तेच केले: प्राथमिक मानांकन असेल तर दरावर 10 टक्के जादा, पूर्ण असेल तर 15 टक्के.

मात्र श्रेणीच्या पाहणीत दिसते ते बांधकाम, यंत्रे, माणसे आणि रजिस्टरे. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका आहे का, ऑटोक्लेव्हच्या (उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) प्रत्येक फेरीची नोंद आहे का, जिवाणूंची चाचणी-पट्टी ठरल्याप्रमाणे लावली जाते का, आपत्कालीन औषधांच्या ट्रॉलीत मुदत संपलेली औषधे तर नाहीत ना. पाहणी विचारते ते बरोबरच विचारते. घोटाळा असा की तिची तारीख आधी कळते. महिन्याभराचे रजिस्टर एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात भरलेले दिसले की ते कधी लिहिले गेले हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. शिवाय श्रेणी कमी म्हणून रक्कम कमी आणि रक्कम कमी म्हणून निर्जंतुकीकरणाला माणूस नाही, या फेऱ्यातून लहान गावातले 30 खाटांचे रुग्णालय बाहेर कसे पडणार, याचे उत्तर कोणी दिले नाही.

सरकारी रुग्णालयांत गुणवत्तेचा प्रवाह वेगळाच वाहत राहिला. 2013 मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता मानके आली, 2015 मध्ये स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’, 2017 च्या अखेरीस प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’. राष्ट्रीय मानकांच्या आठ क्षेत्रांतले शेवटचे क्षेत्र निष्पत्तीचे आहे, म्हणजे संसर्गाचे प्रमाण, मृत्यू, पुन्हा शस्त्रक्रिया असे आकडे तिथे मागितले जातात. ज्या राखीव उपचारांसाठी योजना रुग्णाला सरकारी रुग्णालयात पाठवते, त्याच रुग्णालयात एक विभाग हे आकडे भरतो आणि दुसरा विभाग योजनेचे दावे भरतो. दोन्ही कागद एकत्र आणून वाचण्याची जबाबदारी कोणावरच टाकलेली नाही.

2020 नंतर घटनांची गर्दी झाली. 1 एप्रिल 2020 पासून राज्याची आणि केंद्राची योजना एकत्र आली: दीड लाखापर्यंतचा दावा विमा कंपनीने द्यायचा, केंद्राच्या लाभार्थ्यांसाठी त्यावर पाच लाखांपर्यंतचा भार राज्याच्या हमी सोसायटीने उचलायचा. एकाच रुग्णाचा खर्च दीड लाखाची रेघ ओलांडे तेव्हा दावा तपासणारे हात बदलत, हा या मिश्र पद्धतीचा कमी बोलला गेलेला भाग. विमा कंपनीला दावा नाकारण्यात फायदा, सरकारी सोसायटीला तो चटकन निकाली काढण्याचा दबाव. जखम कशी आहे हे पाहण्यात दोघांचाही तसा फायदा नव्हता. पुढच्याच महिन्यात, मे 2020 मध्ये, करोनामुळे योजना शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली झाली.

मग 2021. जानेवारीत भंडाऱ्यात नवजात शिशू कक्षाला आग लागून 10 बालके गेली, एप्रिलमध्ये नाशिकला प्राणवायूच्या टाकीची गळती झाली आणि दोनच दिवसांनी विरारला अतिदक्षता विभाग पेटला. यानंतर महाराष्ट्रात रुग्णसुरक्षा म्हणजे अग्निसुरक्षा असे समीकरण झाले. ते समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे चुकीचे औषध, चुकीची बाजू, न मोजलेले गॉज, जखमेतला संसर्ग हे रोजचे धोके आणखीच मागे पडले. आगीचा पंचनामा होतो. चिघळलेल्या जखमेचा होत नाही.

2023 मध्ये देशाच्या लेखापरीक्षकांनी केंद्रीय योजनेतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे साडेसात लाख लाभार्थी 9999999999 या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले सापडले. बातम्यांनी याकडे घोटाळा म्हणून पाहिले. गुणवत्तेच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ आणखी साधा आहे: या माणसांना तिसाव्या दिवशी फोन लावायचा म्हटले तर लागणार नाही.

त्याच वर्षी 28 जुलैच्या शासन निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर आणि यादी 1,356 उपचारांवर गेली. 1 जुलै 2024 पासून ते अमलात आले, आणि 2025 मध्ये यादी 2,399 पर्यंत नेण्याचे ठरले. आता व्यक्तिगत आयुष्मान कार्ड असल्याने एकाच माणसाच्या दोन भरती एकमेकांशी जोडणे यंत्राला अवघड नाही. एकच फोटो दोन दाव्यांत वापरला का, हे जी प्रणाली शोधते तिलाच ‘30 दिवसांत, त्याच अवयवासाठी, कोणत्याही रुग्णालयात दुसरी भरती’ असा प्रश्न टाकता येतो. जुन्या नोंदींचे तसे नाही. तिथे ओळख कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर होती. 2012 ते 2020 मधले फेरभरतीचे प्रमाण काढायचे तर पत्रिकेचा क्रमांक, नाव, वय आणि जिल्हा असे चार रकाने जुळवावे लागतात, आणि मधल्या काळात ज्या कुटुंबांनी पत्रिका विभक्त करून घेतल्या त्यांच्याबाबत पहिल्याच रकान्यात मेळ बसत नाही.