बियाणं कोणाला विचारून घ्यावं?

मृग तोंडावर आला की विदर्भाच्या कापूसपट्ट्यात एकच विचारणा सुरू होते: "भाऊ, औंदा कोणतं बियानं लावून रायले?" ज्याला विचारायचं, त्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गेल्या दिवाळीत धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून पाहिलेली असते. जमीन हलकी की भारी, वेचण्या किती झाल्या, सगळं ठाऊक. शिवाय सांगणारा उद्या पानठेल्यावर भेटणारच असतो, त्यामुळे त्याला उगाच काहीही सांगून चालत नाही.

शेतकरी सगळीकडे असाच वागतो. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या 259 मका उत्पादकांशी बोलून ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. संकरित बियाण्याचं नाव सर्वाधिक जणांनी पहिल्यांदा विक्रेत्याकडून ऐकलं होतं. पेरायची हिंमत मात्र शेजाऱ्याकडे पाहून आली. आपल्याकडे 2002 साली जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हाही शेताला शेत पाहूनच तो पसरला.

गंमत नव्हे, पण गुगलही याच रीतीवर उभं राहिलं. 1998 साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक ही शिफारस मानली, आणि वजनदार पानाची शिफारस वजनदार धरली. पण शिफारस करणारा माणूस त्यात दिसत नाही. 2000 पासून निकालांशेजारी जाहिरातीही आल्या. 2012 साली गुगलने शोधात ओळखीच्यांच्या पोस्ट मिसळून पाहिल्या, 2013 मध्ये फेसबुकनेही मित्रांच्या पसंतीतून शोधायची सोय काढली. दोन्ही प्रयोग टिकले नाहीत.

आमच्याकडे खरा बदल झाला सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर. गावोगाव व्हॉट्सअ‍ॅपचे गट झाले, आणि ओळखीच्या नावाने अनोळखी सल्ला येऊ लागला. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळी आली. बोंड वरून हिरवंगार, अंगठ्याने फोडलं की आत किडलेली सरकी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आमच्या गटात तेव्हा दोन औषधं एकत्र करण्याचं प्रमाण फिरत होतं. मूळ कोणी टाकलं, हे विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. तो दिवस मी विसरलो नाही.

2018 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. मजकूर दुसऱ्याचा आहे एवढं त्या खुणेवरून कळतं. कोणाचा, हे नाही. ओळखीचाही आंधळा भरवसा नको. बिलाशिवाय मिळणारं 'चोर बीटी', म्हणजे बेकायदा बियाणं, ओळखीतूनच घरी पोचतं. उलट अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस मोबाइलवर शोधून मिळाली तरी तिला नाव-पत्ता असतो, जाऊन जाब विचारता येतो.

आमच्या गटात आता वाणाचं नाव टाकताना स्वतःच्या वावरातला फोटो, पेरणीची तारीख आणि ओलीत की कोरडवाहू, हे लिहावं लागतं. कोणाला शंका आलीच, तर तो गाडी काढतो आणि धुऱ्यावर येऊन पाहतो.