होल्ड केलाय का अडकलाय? आयटी शेअर पडायला लागला की दोन्ही सारखंच दिसतं

आयटीचे शेअर पडायला लागले की आपल्या लातूर-नांदेडकडं दोनच वाक्यं कानावर येतात, एक म्हणतो "आपण होल्ड करून आहोत" आणि दुसरा म्हणतो "अडकलो राव". डीमॅट उघडून बघितलं तर दोघांकडं तीच कंपनी, तोच लाल आकडा, आणि विकलं दोघांनीबी नाही. माझं तर मत असंय की होल्ड म्हणणाऱ्यातले निम्मे अडकलेलेच असतात, चारचौघात होल्ड म्हणायला बरं वाटतं एवढंच.

ओळखायचं कसं? होल्ड करणारा कंपनीकडं बघून थांबतो, अडकलेला आपल्या खरेदी भावाकडं बघून. "माझा भाव आला की काढतो" असं जो म्हणला तो अडकला, मग कंपनी टीसीएस असू द्या नाहीतर कुठली चिल्लर. तुम्ही १,८०० ला घेतला का १,२०० ला हे बाजाराला माहीत नसतं आणि त्याला काही घेणंदेणंही नसतं.

सोयाबीनवाल्याला हे वेगळं सांगायला नको खरं तर. २०२१ ला लातूरच्या मार्केटात सोयाबीन दहा हजाराच्या घरात गेलं, आणि पुढं कित्येकांनी तोच आकडा डोक्यात धरून पोती घरात ठेवली, २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ होता आणि मार्केटात तेवढाबी मिळेना तरी. आवक किती, खाद्यतेल बाहेरून किती यायलंय, पेंडीला उठाव हाय का, हे बघून माल ठेवणारा वेगळा आणि "त्या साली दहा होता की" म्हणून ठेवणारा वेगळा. थप्पी दोघांची सारखीच दिसते.

आता शेअर का पडला हे बघायला पाहिजे, कारण लोक इथंच घोळ घालतात. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी आपटला, त्या पडझडीत टीसीएस आणि इन्फोसिसही खाली आले पण कंपनीत काही बिघडलं नव्हतं, उलट सगळं जग घरून काम करायला लागलं आणि ते वर्ष संपायच्या आत दोन्ही शेअर नव्या उच्चांकावर होते. तो बाजार पडला होता. १० एप्रिल २००३ ची गोष्ट वेगळी, त्या दिवशी इन्फोसिसनं नव्या २००३-०४ आर्थिक वर्षाच्या कमाईचा अंदाज कमी दिला आणि शेअर एका दिवसात पावपेक्षा जास्त पडला, म्हणजे कारण कंपनीतलंच होतं. पण अंदाज कमी म्हणजे धंदा बुडाला असं नाही, त्याच आर्थिक वर्षात कंपनीची कमाई पहिल्यांदा १०० कोटी डॉलरच्या वर गेली. आकडे वाचून जो थांबला त्याचं होल्ड खरं होतं.

आणि मग सत्यम ही आयटी कंपनी. ७ जानेवारी २००९ ला चेअरमन रामलिंग राजूंनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातले आकडे खोटे आहेत, शेअर त्याच दिवशी पाऊणपेक्षा जास्त साफ. आदल्या वर्षी तो ५०० च्या वर होता. पुढं कंपनी टेक महिंद्राकडं गेली, आणि २०१३ ला विलीनीकरण झालं तेव्हा सत्यमच्या १७ शेअरला टेक महिंद्राचे २ मिळाले. इथं "भाव येईल की परत" म्हणून बसणाऱ्याला कसला भाव येणार होता सांगा, ज्या आकड्यांवर तो भाव उभा होता ते आकडेच नव्हते.

शेवटचा प्रकार मला सगळ्यात अवघड वाटतो. मायक्रोसॉफ्ट. १९९९ च्या शेवटी शेअर शिखरावर, मग डॉटकॉमचा म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटला आणि तो जुना भाव परत दिसायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात कंपनीची विक्री तिपटीहून जास्त झाली होती, म्हणजे कंपनी ओळखण्यात काहीच चुकलं नव्हतं, फक्त घेतानाच लई महाग घेतला होता. डिव्हिडंड म्हणजे कंपनीनं वाटलेला नफा सोडला तर सोळा वर्षं हातात काही नाही. त्यामुळं "कंपनी चांगली हाय" एवढ्यावर होल्ड ठरत नाही, ती कमावती किती आणि आपण मोजले किती हे दोन्ही बघावं लागतं.

आत्ता आपल्या आयटी कंपन्यांचं बघायचं तर त्यांचा मोठा गल्ला अमेरिकेतून येतो, तिकडच्या क्लायंटनी हात आखडला की इकडं झळ बसते, त्यात एआयमुळं क्लायंटला बिल लावायचे कामाचे तास कमी होतील ही धास्ती. हे खरं किती ते तिमाही निकालात दिसतं, रुपया-डॉलरचा खेळ बाजूला काढून कमाई वाढली का, नवीन डील किती, मार्जिन म्हणजे कमाईतला नफ्याचा वाटा टिकला का. वर्षातून चार वेळा हे वाचायचा कंटाळा असंल तर ते होल्ड नाही, नुसतं विसरणं झालं.

अॅव्हरेज करणं, म्हणजे पडलेलाच शेअर आणखी घेऊन सरासरी खरेदी भाव खाली आणणं, हा आणखी एक सापळा. निकाल वाचून खालच्या भावात घेतला तर ठीक, पण बरेच जण फक्त खरेदी भाव खाली दिसावा म्हणून घेतात, आणि ५० टक्के पडलेला शेअर जुन्या जागी यायला १०० टक्के चढावा लागतो हे ध्यानात राहत नाही. ब्रोकरकडून उधारी घेऊन म्हणजे एमटीएफवर घेतला असंल तर विषयच संपला, व्याज चालू, ब्रोकरकडं ठेवलेलं तारण कमी पडलं की तो विकून मोकळा, थांबायचं का नाही हे तुमच्या हातात राहतच नाही. पोरीच्या लग्नाचे नाहीतर प्लॉटचे पैसे लावले असतील तरी तेच, तारीख आली की आहे त्या भावात विकावं लागतं.

अडकलेले लोक "विकलं तर लॉस बुक होईल" म्हणून थांबतात, पण त्या लॉसचा उपयोगबी विकल्यावरच होतो. वर्षाच्या आतला म्हणजे शॉर्ट टर्म तोटा दुसऱ्या शेअरच्या शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म दोन्ही नफ्यातून वजा करता येतो, लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातून, आणि उरलेला पुढं ८ वर्षं ओढता येतो, फक्त रिटर्न मुदतीत भरलेलं पाहिजे. तेवढं मार्च संपायच्या आत आपल्या सीएला विचारून घ्या.